धोबीतलावची कूड

पोरगा मुंबईला कामाला लागला की पहिल्या खेपेला त्याची आई दोन प्रश्न विचारते. जेवतोस कुठे आणि झोपतोस कुठे? तिसरा प्रश्न ती बहुधा विचारत नाही, पण संध्याकाळी दिवा लावताना तो तिच्या मनात असतोच. तिकडे देवाधर्माचे काही करतोस की नाही? आमच्या घरी यंदा हा प्रश्न आला, कारण माझा पुतण्या मुंबईत एका हॉटेलच्या भटारखान्यात लागला आहे. त्याची सुट्टी कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. आणि सण कोणताही असो, त्या दिवशी हॉटेलात गर्दी, म्हणून सुट्टी नाहीच. त्याला भेटायला म्हणून गेलो, आणि भेट झाल्यावर एक दिवस हाताशी होता त्यात धोबीतलावची कूड पाहून आलो. तीच तुम्हाला सांगायची आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या बोरीबंदरला उतरा. महापालिकेच्या इमारतीवरून आझाद मैदानाच्या कडेने चालत निघालात तर थोड्याच वेळात मेट्रो सिनेमाचा चौक लागतो. हाच धोबीतलाव. तलाव केव्हाच बुजला, नाव तेवढे राहिले. चौकात जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. जिन्याच्या पायऱ्या झिजलेल्या, आणि दारांवर पाट्या आहेत त्या गोव्यातल्या गावांच्या नावांच्या.

आपल्याकडे कूड म्हणजे कारवीची किंवा तुराट्यांची, वर शेणमाती लिंपलेली भिंत. कोंकणीत कूड म्हणजे खोली. गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी घेतलेली खोली, ती त्या गावाची कूड. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. शेतजमीन थोडी आणि घरात माणसे फार, त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासूनच तिथले ख्रिस्ती तरुण मुंबई गाठू लागले. कुणी बँडात वाजवी, कुणी साहेबाच्या घरी स्वयंपाक करी, आणि फार मोठी संख्या आगबोटीवर चढे. बोटीवर काम करणाऱ्याला कोंकणीत तारवटी म्हणतात. बोट मिळेपर्यंत आठवडे, महिने मुंबईत काढावे लागत. हॉटेलचे भाडे परवडणारे नव्हते, म्हणून गावाने कूड काढली. एके काळी अशा कुडी शेकड्यांनी होत्या. आता फार थोड्या उरल्या.

माझा मावसभाऊ बोटीवर इंजिनखात्यात होता. त्याच्याबरोबर भटारखान्यात काम केलेले एक वयस्क गृहस्थ अशाच एका कुडीत अधूनमधून येऊन राहतात. सगळे त्यांना अंकल म्हणतात, म्हणून मीही अंकल म्हणालो. त्यांनी दार उघडले. लांबट खोली, भिंतीच्या कडेने एकाला एक लागून पेट्या. ज्याची पेटी जिथे, त्याची चटई रात्री तिथे. खाट कुणालाच नाही. आणि समोरच्या भिंतीशी वेदी, म्हणजे त्यांचा देव्हारा म्हणा. त्यांच्या गावच्या चर्चचा जो संत, त्याची मूर्ती इथेही मधोमध. गावाकडे त्याचे फेस्त, म्हणजे जत्रा, ज्या दिवसांत भरते त्याच सुमाराला इथेही फेस्त होते, मिस्सा होते आणि सगळे एकत्र जेवतात.

कुडीचे नियम फार नाहीत. दारू प्यायची नाही. बाईमाणसाने राहायचे नाही. महिन्याची वर्गणी द्यायची, तीही थोडकी. आणि रात्री आठच्या ठोक्याला खोलीत असलेल्या प्रत्येकाने तेर्साला बसायचे. तेर्स म्हणजे त्यांची जपमाळ. दहादहा मण्यांचे पाच भाग, प्रत्येक मण्याला मरिया मातेला नमन. मग लदाईन, म्हणजे तिच्या नावांची आळवणी. सगळे मिळून अर्धा तास.

“बसायचेच?” मी विचारले. “मनात नसले तरी?”

“मनात नसले तरी,” अंकल म्हणाले.

मला हे तेव्हा पटले नाही. देवाचे नाव काय हजेरीपटावर घ्यायचे? मी तसे बोलूनही गेलो. त्यांनी वाद घातला नाही. आपली एक गोष्ट सांगितली.

ते बोटीवर असताना गावी त्यांची आई वारली. त्या काळी पत्र बंदरात यायचे, आणि बोट बंदराला लागायची तेव्हा मिळायचे. दोन महिन्यांनी कळले. तोवर सगळे आटोपलेले. त्या रात्री ड्यूटी होतीच. दोनशे माणसांचे जेवण. कांदा चिरता चिरता रडून घेतले, कुणाला कळले नाही. पुढे वर्षाने मुंबईला उतरले, कुडीत आले, आठला सगळ्यांबरोबर बसले. तेर्स संपल्यावर म्होरक्याने मृतांची नावे घेतली, त्यात त्यांच्या आईचे नाव आले. गावाकडून खबर आली त्या दिवसापासून कुडीत ते रोज घेतले जात होते. घेणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्यांच्या आईला पाहिलेदेखील नव्हते.

“त्यांच्या मनात होते की नव्हते, मी नाही विचारले,” अंकल म्हणाले.

बोटीवर रविवार कसा पाळायचा, हेही मी विचारले. ते हसले. बोटीवर रविवार नसतो, न्याहारी असते. माळ खिशात असायची, बटाटे सोलताना बोटांनी मणी मोजता येत नाहीत म्हणून बटाटेच मोजायचे.

मी निघालो तेव्हा दारापाशी सासष्टीकडचा एक तरुण फोन हातात धरून बसला होता. चार महिने बोटीची वाट पाहतोय, अंकल म्हणाले. बहिणीच्या शिक्षणाचे कर्ज याच्या नावावर. कंपनीचा फोन आला की निघायचे, नाही घेतला तर नंबर पुढच्याला जातो. “तू रात्री आठला ये,” अंकलनी मला बजावले.

खाली चौकात, मेट्रोसमोर, एक पुतळा आहे. येणारेजाणारे त्याच्याकडे पाहत नाहीत, तुम्ही मात्र पाहा. हे डॉ. अकासियो गाब्रिएल विएगस. मूळचे गोव्याचे, हडफड्याचे, धर्माने ख्रिस्ती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात तापाने माणसे पटापट जाऊ लागली, तेव्हा ही गाठीची प्लेग आहे असे त्यांनी ओळखले आणि उघड सांगितले. बंदराच्या शहरात असे सांगणे सोपे नव्हते, व्यापार बसतो. लाखो माणसे शहर सोडून गावाकडे पळाली. आपल्यापैकी कितीकांच्या पणज्यांनी ती पळापळ पाहिलेली असेल. विएगस राहिले. उंदीर मारा, गटारे धुवा, म्हणून दारोदार फिरले, आणि पुढे लस निघाली तेव्हा हजारो लोकांना त्यांनी स्वतःच्या हाताने टोचली. १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. प्लेगवरची ती लस हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच प्लेगच्या खुणा गिरगावात आहेत. धोबीतलावहून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने सरळ जा आणि खोताच्या वाडीत शिरा. लाकडी जिन्याची, सज्जाची बैठी घरे. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून वाडीचे नाव पडले. तिथे ख्रिस्ती आणि हिंदू शेजारी शेजारी राहत आले. अशा वाड्यांतून कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस दिसतात. त्यांतले बरेच प्लेगच्या काळातले. आपण मरीआईला साकडे घातले, त्यांनी क्रूस उभारला. चर्चला जायला बंदी किंवा भीती, म्हणून गल्लीतली माणसे गल्लीतच जमली. मी गेलो त्या दिवशीही क्रूसाला झेंडूची माळ होती, आणि पायथ्याशी कुणाची तरी दुधाची पिशवी ठेवलेली.

तिथून बसने लालबागला गेलो. त्याचे कारण घरचे आहे.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या गावची बैठकीची खोली होती चाळीत. तीन पाळ्यांची माणसे एकाच खोलीत. एकाची पथारी उठली की तिथेच दुसऱ्याची पडायची. जेवण खानावळवाल्या मावशीकडे. भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर, शनिवारी रात्री भजन. कुडीत उभा होतो तेव्हा पेट्या पाहून मला पहिली आठवण आली ती वडिलांच्या हिरव्या ट्रंकेची. फरक एवढाच की आमच्याकडे भजनाला बसायची सक्ती नव्हती. ज्याला सवड तो बसे, ज्याची रातपाळी तो डबा घेऊन निघे. वडील सांगत की टाळ वाजू लागले की जिना उतरायला जीव होत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. गिरणगावातली माणसे गावी परतली ती कायमची, वडीलही. खोली काही वर्षे कुलूप लावून होती, मग गेली. कशी गेली याचा हिशेब गावात अजून कुणी नीट सांगत नाही. टाळ मात्र वडिलांनी ट्रंकेत घालून आणले होते, ते आमच्या माळ्यावर आहेत. गावात आल्यावर ते भजनाला फारसे बसले नाहीत. का, ते मी कधी विचारले नाही. आता चाळीच्या जागी काचेचा मनोरा आहे. वर पाहून मान दुखली आणि परळकडे वळलो.

परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट बाहेरूनच पाहिले. जुन्या गव्हर्नमेंट हाउसात ही लसीची प्रयोगशाळा १८९९ मध्ये आली, आणि त्या वाड्याच्याही आधी तिथे जेझुइट पाद्र्यांचा मठ होता.

दादरला गोखले रोडवर पोर्तुगीज चर्च आहे. बसवालेही हेच नाव घेतात. या चर्चची स्थापना १५९६ ची, आजची इमारत मात्र १९७० च्या दशकातली, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची. उंच मनोरा शोधू नका. मोकळी अंगणे आणि त्यांच्यावर शिंपल्यासारखी छते. उन्हातून आत गेलो की गोठ्याच्या सावलीत आल्यासारखे वाटते, मी तरी तसेच म्हणेन. मागच्या बाकावर पांढऱ्या गणवेशातल्या दोन परिचारिका डोळे मिटून बसल्या होत्या. प्रार्थना होती की डुलकी, सांगता येणार नाही.

इथे एक गोष्ट कळली ती तुम्हाला नक्की आवडेल. कॅथलिकांत पूर्वी प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून निर्जळी उपास, आणि मिस्सा सकाळीच. रातपाळीहून आलेल्या माणसाने काय करायचे? पहाटेपर्यंत साच्यापुढे उभा राहिलेला माणूस पाण्याच्या घोटाशिवाय कसा राहील? १९५३ साली पोपनी पाणी पिण्याची मुभा दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेची वाट मोकळी केली. १९६४ मध्ये उपास तासाभरावर आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईला, धोबीतलावपासून जवळच्या ओव्हल मैदानावर आले होते. पुढे शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरायलाही मान्यता मिळाली. म्हणजे देवळाचे घड्याळ कामगाराच्या घड्याळाकडे थोडे सरकले. आपल्याकडे आषाढात पेरणी अडली म्हणून ज्याची वारी चुकते, तो बांधावरूनच पंढरीच्या दिशेला हात जोडतो, त्याला कोणी बोल लावत नाही. पण नियमच बदलून दिला, हे मला विशेष वाटले.

आठला पाच कमी असताना कुडीचा जिना चढलो. सकाळी पाहिलेल्या पेट्यांच्या मानाने माणसे थोडी. नऊ. पूर्वी उभे राहायला जागा नसे, अंकल म्हणाले. आता मुले थेट गोव्यातूनच विमानाने बोट गाठतात, आणि जुन्या इमारतींवर पुनर्बांधणीवाल्यांची नजर आहे. मेणबत्ती लावली. मी मागे भिंतीला टेकून बसलो. एकजण पुढे म्हणे, बाकीचे मागून उचलत. कोंकणी मला अर्धीमुर्धी कळते. तिसऱ्या दहा मण्यांपर्यंत माझे लक्ष उडालेले होते, मग ते आवाजाच्या चालीला लागले. आमच्या गोठ्यात धारेची वेळ अशीच असते. मन असो नसो, बाहेर पाऊस असो, म्हैस वाट पाहत उभी असते आणि आपण चरवी घेऊन बसतो. सकाळचा माझा प्रश्न मला जरा उथळ वाटू लागला.

मृतांची नावे सुरू झाली आणि त्या सासष्टीच्या पोराचा फोन थरथरला. त्याने पाहिले. चेहरा असा झाला की काय फोन आहे ते सगळ्यांना कळले. त्याने वेदीकडे पाहिले, अंकलकडे पाहिले आणि फोन मांडीखाली सारला. नंबर पुढच्याला जाणार, हे सकाळी ऐकले होते, माझ्याच छातीत धडधडले. अंकलनी नावे घेणे थांबवले नाही. नुसती मान हलवून दाराकडे खूण केली. पोरगा उठला, जिन्यावर गेला. खालून त्याचा आवाज येत होता. “येस सर, येस सर.”

तो परत आला तेव्हा लदाईन सुरू झाली होती. आपल्या पेटीपाशी गुडघे टेकून त्याने मधूनच आवाज मिळवला. संपल्यावर सगळे त्याच्याकडे वळले.

“मंगळवारी,” तो म्हणाला. “कोचीहून.”

एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. अंकलनी मेणबत्ती विझवली आणि त्याला विचारले, आईला फोन केलास का. त्याने केलेला नव्हता. तो पुन्हा जिन्याकडे धावला. मीही चपला घातल्या. पुतण्याची पाळी अकराला सुटायची होती, आणि त्या वेळी त्याला हॉटेलच्या मागच्या दाराशी गाठायचे मी कबूल केले होते.