पहिली वेलांटी आणि मॅक्रो

नाशिकचं ९४वं साहित्य संमेलन खरं तर मार्च २०२१मध्ये व्हायचं होतं. करोनामुळे ते डिसेंबरावर गेलं आणि मधल्या काळात अशोक स्तंभाजवळच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात जुन्या सीड्या यायला लागल्या. संमेलनाच्या निमित्ताने आपल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढावी, जमलं तर ई-बुकही, असं बऱ्याच जणांच्या मनात आलं होतं. पुस्तकं लावलेली पेजमेकरमध्ये. कुणाचं श्रीलिपीत, कुणाचं आकृतीत, कुणाचं सी-डॅकच्या फॉन्टात.

अशा फायलीत मराठी फक्त दिसायला असतं. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि कसलीकसली चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. फॉन्ट बदलून एरियल लावला की पानभर गिचमिड. ई-बुकला, मोबाइलला, शोधाला युनिकोडच लागतं, म्हणजे आतही खरीखुरी देवनागरी अक्षरं.

एका निवृत्त शिक्षकांचं जिल्ह्यातल्या किल्ल्यांवरचं पुस्तक होतं. पुन्हा टाइप करायचं म्हटलं तर मजुरी आली, शिवाय प्रुफं पहिल्यापासून वाचणं आलं. इंटरनेटवर फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण आम्ही वापरून पाहिलेल्यांत मजकूर चिकटवला की ठळक अक्षरं, तिरपी अक्षरं, तळटीपांचे आकडे सगळं सपाट होऊन बाहेर यायचं. सर म्हणाले, “ताई, तळटीपा गेल्या तर माझ्या पुस्तकात राहिलं काय?” त्यांचं बरोबर होतं. म्हणून मजकूर वर्डमध्ये आणून तिथेच, मॅक्रो लिहून काम करायचं ठरवलं.

तोवर मॅक्रोशी माझा संबंध रेकॉर्डरपुरता. व्ह्यू टॅबमध्ये जाऊन रेकॉर्ड चालू करायचं, समास, फॉन्ट, ओळींतलं अंतर एकदा हाताने लावायचं, रेकॉर्ड बंद करायचं. पुढच्या वेळी तेच सगळं एका कळीवर. कोर्टाच्या नोटिसा, सोसायट्यांचे अहवाल यांना एवढं पुरतं. पण रेकॉर्डर तुम्ही केलेलं तेवढं पुन्हा करतो, ‘असं असेल तर तसं कर’ हे त्याला सांगता येत नाही. आणि जुन्या फॉन्टांचं सगळं कामच ‘असं असेल तर’चं आहे.

पहिली वेलांटीच घ्या. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. ‘निफाड’मध्ये एक घर उडी मारली की झालं. ‘स्थिती’मध्ये मात्र तिला अर्धा स ओलांडून थच्या पलीकडे जावं लागतं. रफाराचं उलट: जुन्या फॉन्टात तो शेवटी येतो, युनिकोडमध्ये त्याला मात्रा-वेलांट्या मागे टाकून अक्षराच्या आधी जाऊन बसायचं असतं. काही फॉन्टांत रफार आणि अनुस्वार मिळून एकच चिन्ह असतं, त्याची आधी फोड करावी लागते. शिवाय ध, भ, ण यांसारखी अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी जोडून बनवलेली. म्हणून आधी जोडी बदलायची, मग सुटं अर्धं अक्षर. क्रम चुकला की ‘ध’ऐवजी ‘ध्ा’.

सगळ्यात गंमत पुढे. ऑल्ट-एफ११ दाबून मॅक्रोची खिडकी उघडा आणि तिथे ‘क’ लिहा: प्रश्नचिन्ह उमटतं. मराठीसाठी मॅक्रो लिहायचा आणि त्यात मराठी अक्षर लिहायची सोय नाही! ‘क’साठी २३२५, पहिल्या वेलांटीसाठी २३६७ असे आकडे द्यावे लागतात. मी त्यातून वाट काढली ती अशी: एका साध्या वर्ड फायलीत दोन रकान्यांचा तक्ता केला, डावीकडे जुनं चिन्ह, उजवीकडे युनिकोड, आणि मॅक्रोला तो तक्ता वरून खाली वाचायला लावला. ऑपरेटरला मॅक्रोला हात न लावता ओळ वाढवता येते. लहान आणि मोठ्या रोमन अक्षराला जुन्या फॉन्टात वेगळा अर्थ असतो, म्हणून मॅचकेस चालू ठेवायचं. बदल फक्त त्या फॉन्टातल्या मजकुरावर करायचा, नाहीतर मधली इंग्रजी नावंही देवनागरीत भरडली जातात. आणि तळटीपा वर्ड मुख्य मजकुरापासून वेगळ्या ठेवतो, त्यांच्यावर मॅक्रो स्वतंत्रपणे फिरवावा लागतो.

तपासणीला जिल्ह्याचीच नावं घेतली: त्र्यंबकेश्वर, सिन्नर, दिंडोरी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, मार्कंडेय. यांतून मॅक्रो सुखरूप पार पडला की बहुतेक पुस्तकं पार पडतात. भर घातली ती ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ या जोडीची. हाती आलेला पहिला तक्ता हिंदीसाठी केलेला होता. त्यात ‘ऱ्य’चा पत्ताच नव्हता.

डोळ्यांना फसवणारी चूक निराळीच. अ आणि काना जोडून केलेला ‘अा’ पडद्यावर ‘आ’सारखाच दिसतो, पण ‘आडवाटे’साठी शोध घेतला तर सापडत नाही. आजही मराठी संकेतस्थळांवर असे ‘अा’ सर्रास आढळतात. तक्त्यात त्यासाठी एक ओळ पुरते, ती घालण्याची तसदी मात्र कुणीतरी घ्यायला हवी.

मॅक्रोची फाइल ओळखीच्या एका मुद्रकाला पाठवली तर त्याच्याकडे वर लाल पट्टी आली आणि मॅक्रो चालेना. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२पासून मुळातच अडवले आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. १९९९मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच ई-मेलवरून जगभर पसरला होता. मुद्रकाला मग मॅक्रोचा मजकूर साध्या टेक्स्टमध्ये पाठवला; त्याने वाचून, समजून स्वतःच्या वर्डमध्ये चिकटवला. अनोळखी मॅक्रो घ्यायचाच असेल तर असाच घ्यावा.

मॅक्रो फिरल्यावर प्रूफ वाचावं लागतंच, आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो. सरांनी कुरकुर केली, पण दिले.

तुमच्याही कपाटात अशा सीड्या असतील तर त्या चालताहेत तोवर फायली काढून घ्या. सोबत फॉन्टची फाइलही ठेवा; ती नसेल तर कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर हे हुडकत बसावं लागतं. आणि छापील प्रत रद्दीत घालू नका, पडताळायला तीच लागते.