भिंत मुलांच्या उंचीची

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या चित्राला जागा आयती मिळते. वर्गातली भिंत, व्हरांड्यातला बोर्ड, स्नेहसंमेलनातलं प्रदर्शन. होमस्कूलिंग करणाऱ्या घरात ती जागा आईवडिलांनाच करावी लागते. छत्रपती संभाजीनगरात मी लहान मुलांना चित्रकला शिकवते आणि अशा काही घरांत माझं येणंजाणं आहे. चित्रं सगळेच हौसेनं लावतात, पण निवड बहुधा मोठ्यांची असते. रंग रेघेबाहेर गेला नाही ते चित्र हॉलमध्ये, उरलेली रद्दीत. मला हे बघवत नाही, कारण मूल काय शिकतंय ते त्या रद्दीतच असतं.

सिडकोतल्या एका घरी सात वर्षांच्या मुलीनं काढलेलं चित्र होतं. कागदाच्या तळाशी हिरवी रेघ, तिच्यावर सगळं कुटुंब ओळीनं उभं. आजी दारापेक्षा उंच, बाबा तिच्या कमरेला लागतील एवढे. आजीनं नुकतीच खाल्लेली पोळी तिच्या पोटात स्पष्ट दिसत होती. "हिला अजून प्रमाण जमत नाही," आई म्हणाली. मी त्यांना अजिंठ्याचं सतरा नंबरचं लेणं आठवून पाहायला सांगितलं. तिथं यशोधरा आणि राहुल बुद्धासमोर उभे आहेत. बुद्ध केवढा थोरला आणि ती मायलेकरं केवढीशी! पाचव्या शतकातल्या त्या चित्रकाराला प्रमाण कळत नव्हतं असं कोण म्हणेल? मनात जो मोठा, तो चित्रातही मोठा. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञानं १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे पुस्तकात मांडले. तळाची रेघ, आरपार दिसणारं पोट, आवडत्या माणसाचा वाढलेला आकार ही त्यानं साधारण सात ते नऊ या वयाची लक्षणं म्हणून नोंदवली आहेत. म्हणजे मुलगी अगदी वेळेवर चालली होती. ते चित्र हॉलमध्ये लागायला हवं होतं.

म्हणून माझा आग्रह असतो की कुठलं चित्र लावायचं ते मुलानं ठरवावं, आणि काढायचं कधी तेही. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर सुतळी बांधा, कपड्यांचे चिमटे द्या. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि त्यानं सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहा. स्केचपेननं लिहिलं तर शाई पुढे उमटते. उतरवलेली चित्रं तारखेनं फाइलला लावा. नऊ-दहा वर्षांची मुलं एकाएकी "मला चित्र येत नाही" म्हणायला लागतात, तेव्हा ही फाइल फार उपयोगी पडते.

आपल्याकडच्या उन्हात स्केचपेनचे रंग बघता बघता उडतात, तेव्हा दुपारचं ऊन येणारी भिंत टाळा. सेलोटेप पिवळी पडते आणि काढताना कागद फाडते. लॅमिनेशन तर नकोच. गरम रोलरखाली मेणाचे खडू वितळतात, आणि एकदा केलं की ते सुटत नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२०-२२ मध्ये निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी, जपणुकीसाठीच लाखेचा लेप दिला होता. तो पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याला काळजीपूर्वक उतरवावा लागला.

कौतुक कसं करावं हे आपल्याला दिवाळीतल्या किल्ल्यामुळे माहीत आहेच. पोरांनी अंगणात किल्ला केला की शेजारीपाजारी वाकून पाहतात, महादरवाजा कुठला, पाणी कुठून आणलं, मावळे का लपवले ते विचारतात. स्पर्धेतला किल्ला सोडला तर कुणी गुण देत नाही. चित्रांनाही असंच प्रेक्षक हवेत. फराळाला माणसं येणारच आहेत. एका दिवशी सगळ्या सुतळ्या भरू द्या, चित्रांची नावं मुलांनाच लिहू द्या, अशुद्ध असली तरी. भावंडांत पहिला-दुसरा नंबर काढू नका. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षा पुढे आहेतच.

पाहुण्यांना मात्र आधी सांगून ठेवा. नुसतं "छान आहे" म्हटलं की मूल गप्प होतं, आणि "हे काय काढलंय?" विचारलं की खट्टू होतं. "हा रंग कसा केलास?" असं विचारलं तर ते लगेच रंगांची पेटी आणून तुमच्यासमोर मांडी घालून बसतं.