सागरी युद्धाची घाटमाथ्यावरची शाळा

मावळात समुद्र नाही, बंदर नाही. तरीही नौदलाच्या जहाजांची इंजिने सांभाळणारी माणसे गेली आठ दशके इथेच तयार होत आहेत. लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात ‘आयएनएस शिवाजी’ ही नौदलाची प्रशिक्षण संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याला समुद्रापारहून जी मदत गेली, तिचा एक धागा या संस्थेशी जोडलेला आहे.

ही मदत दोन तऱ्हांची होती. कॅनडा हे स्वायत्त डोमिनियन. तिथल्या संसदेत चर्चा झाली आणि 10 सप्टेंबर 1939 रोजी त्या देशाने स्वतःहून युद्ध पुकारले. भारताला हा मान नव्हता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी 3 सप्टेंबरला इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारताच देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेरांच्या सरकारसह काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली. सैन्यभरती मात्र थांबली नाही. युद्ध संपेपर्यंत भारतीय लष्कर सुमारे 25 लाखांवर पोहोचले.

रॉयल इंडियन नेव्हीची वाढ तर थक्क करणारी होती. 1939 मध्ये तिच्याकडे जेमतेम 2,000 माणसे होती. युद्धाअखेर ती संख्या 25,000 च्या वर गेली. तिच्या ‘सतलज’ आणि ‘जमना’ या युद्धनौका 1943 मध्ये सिसिलीच्या मोहिमेत होत्या. त्याआधी, 11 नोव्हेंबर 1942 रोजी, ऑस्ट्रेलियात बांधलेली छोटी युद्धनौका ‘बंगाल’ हिंदी महासागरात ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत असताना दोन जपानी सशस्त्र जहाजांनी त्यांना गाठले. ‘बंगाल’ वळून थेट त्यांच्यावर चालून गेली. त्या चकमकीत त्या दोन जपानी जहाजांपैकी दहा हजार टनांहून मोठे ‘होकोकू मारू’ बुडाले.

अशा लढाईत तोफ डोळ्यांत भरते. पण बॉयलरमधला वाफेचा दाब घसरला तर जहाज जागीच अडकते आणि शत्रूला आयते लक्ष्य मिळते. खाली, प्रचंड उष्णतेत, लढाई न पाहता ती लढणारे स्टोकर (बॉयलर सांभाळणारे) आणि आर्टिफिसर (तंत्रज्ञ) नौदलाला हजारोंनी हवे होते. शेतीवाडीतून आलेल्या तरुणाला पंप, झडपा, टर्बाइन शिकवायचे तर कार्यशाळा हवी, शिक्षक हवेत.

त्यासाठी लोणावळ्यात ही संस्था, तेव्हाची ‘एचएमआयएस शिवाजी’, 15 फेब्रुवारी 1945 रोजी सुरू झाली. बरोबर सहा महिन्यांनी, 15 ऑगस्टला, जपानने शरणागती जाहीर केली. युद्धासाठी उभारलेली शाळा युद्धाच्या वाट्याला फार थोडी आली. तिचा खरा लाभ झाला तो स्वतंत्र भारताच्या नौदलाला. वाफेवरून डिझेलकडे, पुढे गॅस टर्बाइनकडे नौदल वळले, तसे इथले शिक्षणही बदलत गेले. 13 फेब्रुवारी 2020 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी संस्थेला राष्ट्रपती निशाण प्रदान केले.

माणगावच्या पळसगावचे, पायदळातले यशवंत घाडगे 1944 मध्ये इटलीत लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि मराठी माणूस त्यांची आठवण अभिमानाने ठेवतो. इंजिनघरातल्या माणसांच्या वाट्याला अशी ओळख आली नाही. नौदलाच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला वाटते, महायुद्धातल्या मराठी सहभागाविषयी लिहिताना पायदळाच्या पराक्रमाशेजारी या कामगिरीलाही स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे.