दाजींचा नंबर



गेल्या चातुर्मासात मी अपरिग्रहावर लिहिलं होतं. कपाटं कशी रिकामी केली, जुनी पितळी भांडी कुणाला दिली, सगळं सांगितलं होतं. त्याच भरात केलेली एक गोष्ट मात्र लिहायची राहिली होती, कारण तेव्हा तिच्यात काही चुकलंय असं वाटलंच नव्हतं. ती आज लिहिते.

माझ्या थोरल्या वन्सं आता ७३ वर्षांच्या आहेत. दाजींना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा बटणांचा फोन वन्संनी खणात जपून ठेवला होता आणि भाचा त्यावर नेमानं रिचार्ज मारायचा. त्या फोनवर कुणाचा फोन येत नव्हता, त्यावरून कुणी करतही नव्हतं. मी बी.कॉम. झालेली, घरचा जमाखर्च चाळीस वर्षं माझ्या हातात. तो खर्च मला सलायचा. एकदा स्वाध्यायाहून परतताना मी म्हणाले, "वन्सं, वस्तू धरून ठेवली काय आणि नंबर धरून ठेवला काय, परिग्रह तो परिग्रहच." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून रिचार्ज थांबलं. मला आपलं समाधान वाटलं.

या उन्हाळ्यात वन्संना जिना चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला आणि डॉक्टरांनी ॲन्जिओप्लास्टी सांगितली. भाच्याची नोकरी बेताची. पण आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. त्यासाठी 'वय वंदना' कार्ड काढायचं, आणि त्याला फक्त आधार लागतं. मी म्हटलं, हे काय, दहा मिनिटांचं काम.

आम्ही योजनेतल्या एका रुग्णालयात गेलो. तिथल्या आरोग्यमित्रानं आधार क्रमांक घातला आणि म्हणाला, "आजी, ओटीपी आला असेल, सांगा." वन्संच्या फोनवर काहीच नाही. माझ्या नाही, भाच्याच्या नाही. मुलानं पडद्यावरचे नंबराचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. वन्सं हळूच म्हणाल्या, "हा तर यांचा नंबर."

आधार काढताना घरात एकच फोन होता, तो दाजींचा. दोघांच्याही आधारला तोच नंबर जोडलेला. आणि रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो, पुढे दुसऱ्या कुणाला दिलाही जातो, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

वन्संनी त्या मुलाला विचारलं, "मग तो निरोप आता कुणाला गेला असेल रे?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग अंगठा लावून पाहिला. साठ वर्षं भांडी घासलेली, दळलेली, पापड लाटलेली बोटं ती. रेषाच उरल्या नव्हत्या. यंत्र नाही म्हणालं. पुसून लावला, दुसरी बोटं लावली, तरी नाही. दुपार होत आली. रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली. भाचा बाहेर जाऊन कुणाकडून किती उसने मिळतील याचे फोन करू लागला.

शेवटी तो मुलगा म्हणाला, चेहऱ्यावरून करून पाहू. "आजी, पदर जरा मागे घ्या, चष्मा काढा, इकडे बघा आणि डोळे मिचकवा." परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर काढायचा म्हणजे वन्संना संकोच. मी पुढे झाले, पदर मागे घेतला आणि त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं. दोनदा फसलं. तिसऱ्यांदा हिरवी खूण आली. कार्ड निघालं. पुढच्या आठवड्यात ॲन्जिओप्लास्टी झाली. वन्सं आता बऱ्या आहेत, सकाळी मंदिरात चालत जातात.

मी हिशेबनीस म्हणवते, पण खातं बंद करण्यापूर्वी त्याच्या नावावर काय काय जमा आहे ते मी पाहिलं नाही. त्या नंबराला आधार जोडलेलं होतं, कदाचित बँकही. वन्सं तो नंबर मायेपोटी राखत होत्या हे खरं, पण माझ्या उपदेशापेक्षा ती मायाच उपयोगाची ठरली असती.

आपल्याकडे चार दानांत औषधदान सांगितलंय. सरकारनं आपल्या परीनं ते केलंय असं मी मानते. पण सहा अंतरंग तपांत वैयावृत्त्यही आहे, आणि ते काही यंत्र करणार नाही. आजारी माणसाशेजारी बसायचं, त्याचा संकोच ओळखायचा, उजेडात खुर्ची सरकवायची, हे आपल्यालाच करायचंय.

म्हणून एवढं करा. घरातल्या वृद्धांच्या आधारला कुठला नंबर जोडलाय ते आजच पाहा. बदलायचा असेल तर त्यांना आधार केंद्रावर घेऊन जा. नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत. ७० पूर्ण झालेल्यांचं कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवा. ते मोफत आहे, शंका असेल तर १४५५५ वर फोन करा. आणि 'आभा'चा १४ आकडी क्रमांक वेगळा: त्यानं आपले रिपोर्ट आपल्या संमतीनं डॉक्टरांना दिसतात, उपचाराचे पैसे मिळत नाहीत. आमच्या मंडळात दोघी-तिघींचा हा घोटाळा झाला होता. ओटीपी मात्र फोनवरून मागणाऱ्याला कधीच सांगू नका.

आम्ही आता रविवारी स्वाध्यायानंतर अर्धा तास फोन घेऊन बसतो. वन्संही येतात. परवा एका आजींना त्या समजावत होत्या, "पदर मागे घे, लाजू नको, तिसऱ्यांदा होतं."

दाजींचा फोन अजून खणातच आहे. त्याबद्दल मी आता काही बोलत नाही.

जय जिनेंद्र.