बिनमातीचे बिऱ्हाड

मराठी भाषेला बोचऱ्या शब्दांचा तोटा कधीच पडला नाही. पण 'बांडगूळ' या शब्दाची धार काही और आहे. कुणी आळशी म्हटले तर माणूस हसून सोडून देतो. उधळ्या म्हटले तर मनातून जरासा सुखावतोही. बांडगूळ म्हटलेले मात्र जिव्हारी लागते, कारण त्या शब्दात नुसती निंदा नसते, हिशेब असतो. तू दुसऱ्याच्या जिवावर जगतोस, असा तो हिशेब. आणि त्यातली वाईट गोष्ट अशी की, कधीकधी माणूस हा शब्द आपला आपणच स्वतःला लावून घेतो.

आमचे अण्णा तसे करू लागले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ब्याऐंशी. सारा जन्म राजापूर तालुक्यात हापूसच्या कलमांची निगा राखण्यात गेला. आई गेली, गावच्या घराला कुलूप लागले आणि अण्णा एक ट्रंक व एक कोयती घेऊन कोपरला आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडी आले. कोयती कशाला, असे मी विचारले नाही. ती त्यांच्या हाताचाच एक भाग होती.

कोपर हे दिवा आणि डोंबिवली यांच्या मधले स्टेशन. खालून मुंबईच्या लोकल धावतात आणि डोक्यावरच्या पुलावरून वसईकडची गाडी जाते. म्हणजे एका स्टेशनाच्या खांद्यावर दुसरे स्टेशन! पश्चिमेला खाडी आहे, तिवरे आहेत, मूळचे जुने गावही आहे. पण आमच्यासारख्या चाकरमान्यांचे 'गाव' विचाराल तर ते नेहमी दुसरीकडेच कुठेतरी असते. सकाळी गाडीच्या दांडीला लटकायचे आणि रात्री मजल्यावर येऊन टेकायचे. पायाखाली माती येते ती फक्त पावसाळ्यात, चपलेला चिकटून.

अशा ठिकाणी ब्याऐंशी वर्षांच्या बागायतदाराने करावे काय? अण्णा खिडकीशी बसून गाड्या मोजीत. आपले ताट आपण उचलीत, चहा "असला तरच" मागत. एकदा गावच्या एका स्नेह्याशी फोनवर बोलताना ते हसत म्हणाले, "आता काय, मुलाच्या फांदीवरचं बांडगूळ झालोय!" पलीकडचा स्नेहीही हसला असावा. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. याला उत्तर काय द्यायचे? "अण्णा, तसे काही नाही हो" हे वाक्य बोलायला सोपे. पण ऐकणाऱ्याचे वजन त्याने तसूभरही कमी होत नाही.

गणपतीनंतर माझ्या मुलीच्या कचेरीत कसलासा समारंभ झाला. टेबलावर शोभेला ठेवलेली एक कुंडी तिने घरी आणली. चार जाड, रुंद, चामड्यासारखी पाने. मधून निघालेला कमानदार दांडा आणि त्यावर ओळीने बसलेली सात पांढरी फुले. जणू दिव्याभोवतीचे पतंग फिरता फिरता थकून एका काठीवर विसावले होते. नावही तेच आहे. १८२५ साली ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या कुळाला ग्रीक शब्दांवरून फॅलेनॉप्सिस, म्हणजे 'पतंगासारखे दिसणारे' असे नाव ठेवले. इंग्रजीत तिला मॉथ ऑर्किड म्हणतात. इंडोनेशियातल्या लोकांना मात्र या फुलात पतंगाऐवजी चंद्र दिसला. तिथे ती चंद्र-आमरी आहे. ऑर्किडला मराठीत आमरी असा छान शब्द असताना आपण तो का वापरत नाही, कोण जाणे!

शेजारचे एक गृहस्थ फुले पाहायला आले. कुंडीतून बाहेर डोकावणारी करडी मुळे पाहून त्यांनी मान हलवली. "माती नाहीच की हिला! हे तर बांडगूळ दिसतंय."

शब्द पडला आणि माझे लक्ष अण्णांकडे गेले. ते खुर्चीतून उठले, कुंडीजवळ आले, चष्मा वर करून मुळे निरखली आणि म्हणाले, "छे हो! बांडगूळ कुठलं? ही आमरी. आमच्या आंब्यावर सीतेची वेणी फुलते ना, तिची ही लांबची बहीण."

मग कोपरला आल्यापासून प्रथमच अण्णा सलग पाव तास बोलले. बांडगुळाचे चिकट बी फुलटोच्यासारखा इवलासा पक्षी फांदीला पुसून जातो. ते रुजते आणि आपले मूळ फांदीच्या आत खुपसते. आंब्याने चढवलेला रस ते मधल्यामध्ये पिते. वेळेवर कोयती चालवली नाही, तर त्याच्या पुढची फांदी वाळून जाते. अण्णांनी अशी किती बांडगुळे तोडली असतील, याची गणती नाही. "पण सीतेच्या वेणीला मी कधी हात लावला नाही," ते म्हणाले. "ती सालीला नुसती धरून बसते. आत शिरत नाही. पाऊस पडेल तो पिते, वाऱ्यानं येईल ती धूळ आणि कुजला पाला खाते. झाडाचं काही घेत नाही. फक्त जागा घेते."

शेजारी गेले. अण्णा कुंडीशीच उभे होते. "फक्त जागा घेते," असे ते पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हणाले. मी वर्तमानपत्रात डोके घातले.

नोव्हेंबरात फुले एकेक करून गळाली. सौ. म्हणाली, "आता हिचं काय करायचं?" पुष्कळ घरांत या प्रश्नाचे उत्तर कचऱ्याची टोपली हे असते. लोक या झाडाला फुलदाणीतल्या गुच्छाइतकेच आयुष्य देतात. अण्णांनी काही न बोलता कुंडी आपल्या पूर्वेच्या खिडकीत नेली, आणि तिथपासून ते झाड त्यांचे झाले.

पहिल्याने त्यांनी दुकानातली कुंडी मोडली. मुळांभोवती ओले शेवाळ ठासून भरले होते. "श्वास कसा घ्यायचा हिनं?" असे म्हणत त्यांनी ते सोडवले, कुजकी मुळे ज्योतीवरून फिरवलेल्या पात्याने छाटली. कलमे बांधणाऱ्या हाताला हे शिकवावे लागले नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे चार दिवस भिजत घातले, त्यांचे तांबडे पाणी रोज ओतून टाकले, त्यात लाकडी कोळशाचे खडे मिसळले आणि भोके पाडलेल्या मातीच्या कुंडीत झाडाला सैलसे बसवले. घरभर एक दिवस कोकणातल्या पडवीचा वास होता.

पाण्याचा नियम तर मुळेच सांगतात. या मुळांवर मृत पेशींचे एक स्पंजासारखे वेष्टन असते. कोरडे असताना ते चांदीसारखे दिसते. पाणी प्याले की आतला हिरवा रंग उमटतो. मुळे रुपेरी झाली की कुंडी दहा-पंधरा मिनिटे बादलीत बुडवायची, निथळू द्यायची आणि मग तिला विसरून जायचे. पाणी सकाळी द्यायचे. पानांच्या मधल्या गाभ्यात ते साचले, तर पावसाळ्याच्या दमट हवेत गाभा कुजतो आणि झाड जाते. घरातल्या आमऱ्या बहुधा उपेक्षेने मरत नाहीत, मायेने मरतात. रोज थोडे थोडे पाणी घालणारा प्रेमळ हात त्यांना बुडवतो. उजेडाचेही तसेच. पानावर हात धरला तर पुसट सावली पडावी, काळीकुट्ट पडू नये; आमच्या पश्चिमेच्या खिडकीतले दुपारचे ऊन तिला भाजून काढील.

मुलीने एकदा वाचून सांगितले की ही झाडे पानांची रंध्रे दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री हवेतला कार्बन वायू आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेड आला की त्याचे अन्न शिजवायचे. उंच फांदीवर माती नाही, पाण्याचा साठा नाही. दिवसा रंध्रे उघडली तर ऊन सारे पाणी ओढून नेईल, म्हणून ही युक्ती. अण्णांना रात्री झोप येत नाही. हे ऐकून ते खूश झाले. "म्हणजे आम्ही दोघं रात्रपाळीचे," ते म्हणाले.

बागायतदाराचा प्रश्न राहिलाच होता. "हिची रोपं करतात कशी? कलमानं की बियांनी?" नातीने आजोबांना तेही सांगितले. आमरीचे बी धुळीसारखे बारीक, एका बोंडात लाखांनी. पण त्यात शिदोरी म्हणून काही नसते. रानात एका विशिष्ट बुरशीने भरवले तरच ते रुजते, हे बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ साली उमगले. १९२२ साली अमेरिकेत नडसनने काचेच्या बाटलीत साखर आणि क्षार घालून बुरशीवाचून रोपे वाढवली. १९६० साली मोरेलने ऑर्किडच्या शेंड्याच्या चिमूटभर गाभ्यातून हुबेहूब तशीच अनेक रोपे काढण्याची वाट दाखवली. एके काळी विलायतेतल्या श्रीमंतांनी ज्यासाठी पैशाच्या थैल्या रित्या केल्या, ते फूल आज कोपरच्या खिडकीत आले आहे ते या बाटल्यांमुळे.

"म्हणजे आजोबा, लहानपणी तिला दुसऱ्यानं भरवावंच लागतं," मुलगी म्हणाली.

"ते कुणाला चुकलंय, बाळ?" अण्णा म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात तो जुना हिशेब नव्हता.

फुलाची कळ मात्र आपल्या हातात नसते. या झाडाला काही आठवडे गारवा मिळावा लागतो. पारा २५ अंशांच्या आसपास किंवा खाली राहिला तर दांडा येतो, उकाड्यात तो सहसा येत नाही. कोपरची थंडी ती केवढी! तरी डिसेंबर-जानेवारीत खाडीवरून पहाटेचा गार वारा येतो. अण्णा स्वतः कानटोपी घालून खिडकी रात्रभर उघडी ठेवीत. सौ. कुरकुरली, पण तिनेही शाल काढली.

जानेवारीच्या मध्यावर पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवे डोकावले. मूळ की दांडा, यावर घरात दोन तट पडले. मुळाचा शेंडा गोल आणि गुळगुळीत असतो, दांड्याचा लहान मुलाच्या मुठीसारखा, एका बाजूला दुमडलेला. आठ दिवस रोज सकाळी चहाचे कप हातात घेऊन आम्ही चौघे खिडकीशी उभे राहत होतो. नवव्या दिवशी अण्णांनी निकाल दिला, "दांडाच!" एप्रिलच्या आरंभी पहिले फूल उघडले. दुकानातल्यासारखी सात नव्हती, पाचच होती. शेजारचे गृहस्थ पुन्हा आले आणि या खेपेला सोबत स्वतःची एक मरगळलेली कुंडी घेऊन आले. पाठोपाठ वरच्या मजल्यावरून आणखी एक आली. आता खिडकीत तीन आहेत आणि जिन्यात अण्णांना थांबवून लोक सल्ला विचारतात.

मे महिन्यात अण्णा पंधरा दिवसांसाठी गावी गेले. दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते, तीत मी त्यांना बसवून दिले. घर उघडायचे होते, कलमे पाहायची होती. मला वाटले, आता ते काही लवकर परतायचे नाहीत. आणि त्यात गैर तरी काय होते?

चौथ्या दिवशी फोन आला. आंबा बरा आहे, म्हणाले. जुन्या रायवळावरची सीतेची वेणी फुलली आहे. आसामात तिला कोपौ म्हणतात आणि बिहूला नाचणाऱ्या मुली ती केसांत माळतात, हे नातीने त्यांना सांगितले होते. त्यांनी ते आता साऱ्या गावाला सांगितले होते. मग आवाज जरा बदलला.

"मुळं पांढरी झाली असतील बघ. उकाडा आहे. उद्या सकाळी बादलीत बुडवा. गाभ्यात पाणी नको. आणि हे बघ, रविवारी मी घरी येतो."

'तुमच्याकडे येतो' असे ते आजवर म्हणत आले होते.