पारख त्रयस्थाची

बाजारात वस्तू घेताना आपण बहुधा तिच्या वेष्टनावरील मजकुरावर विसंबतो. परंतु तो मजकूर लिहिणारा मनुष्य माल खपविणाराच असतो. वादीनेच निकाल लिहावा, त्यातलाच हा प्रकार होय. म्हणून मालाची पारख त्रयस्थाने करावी, हा विचार पुढे आला.

अमेरिकेत १९३६ साली 'कन्झ्युमर्स युनियन' ही संस्था याच हेतूने निघाली. तिचे दोन नियम आम्हांस फार मोलाचे वाटतात. परीक्षेची वस्तू कारखानदाराकडून भेटीदाखल घ्यावयाची नाही. सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे दाम मोजून दुकानातून आणावयाची. कारण भेटीचा नमुना निवडून पाठविलेला असावयाचा. दुसरा नियम असा की, आपल्या मासिकात मालाच्या जाहिराती छापावयाच्या नाहीत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा मनुष्यस्वभाव तिने ओळखला होता. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी 'कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापिली. भेसळीची व खोट्या मापांची झळ प्रथम गृहिणीसच लागते. तेव्हा स्त्रियांनी पुढाकार घ्यावा यात नवल ते काय? पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे.

गतवर्षी आमच्या वर्गाने निरनिराळ्या दुकानांतून वह्या आणून त्यांची पृष्ठे मोजली. एका देखण्या वहीत आठ पृष्ठे उणी निघताच एका विद्यार्थ्याने ती करणाऱ्यास लबाड ठरविले. आम्ही तशाच आणखी चार वह्या मोजावयास लावल्या. चारही पुऱ्या भरल्या. दुसऱ्या एका जातीच्या मात्र पाचही वह्या उण्या निघाल्या. पहिली चूक असू शकेल. दुसरीस चूक म्हणणे कठीण. पावती जपून ठेविली होती, म्हणून दुकानदाराने त्या वह्या मुकाट्याने परत घेतल्या.

आठ पृष्ठांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरी वर्षाच्या वह्या रोजच्या मजुरीतून घ्यावयाच्या असतात, तेथे हा हिशेब लहान नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, वस्तू मोजून पाहा, पावती मागून घ्या, आणि कोणास दोष देण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजा. पालकांनीही मुलांच्या या चौकसपणास उद्धटपणा समजू नये, अशी आमची त्यांस विनंती आहे.