सावकाश धावण्याची गोष्ट

आमच्या खान्देशात विनाकारण कोणी धावत नाही. धावायला कारण लागते, आणि तेही चारचौघांना दिसेल असे लागते. एस्टी सुटत असेल, बैलाने दावे तोडले असेल, खळ्यात तूर वाळत पडलेली असताना आभाळ भरून आले असेल, किंवा गल्लीतले कुत्रे मागे लागले असेल, तर माणूस धावतो आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पण ज्याच्या पुढे एस्टी नाही आणि मागे कुत्रे नाही, असा पोट सुटलेला एक सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ पहाटे पाच वाजता भडगाव-पाचोरा रस्त्यावर धापा टाकीत धावताना दिसला, की तो साऱ्या गावाच्या चौकशीचा विषय होतो. गेले चार महिने तो विषय मी आहे.

जूनच्या आरंभी माझे वजन शहाण्णव किलो होते. आमच्याकडे कापसाचा भाव क्विंटलवर ठरतो, त्यामुळे हा आकडा समजायला कोणाला वेळ लागला नाही. ‘क्विंटलला चार कमी!’ असा हिशेब आमच्या एका स्नेह्यांनी उभ्या उभ्या करून टाकला. जिनिंगच्या काट्यावर मला उभे केले असते, तर व्यापाऱ्याने ओलावा जास्त म्हणून वर आणखी दोन किलो कापले असते, हेही त्यांनीच सांगितले. मी हसलो. हसण्यासारखेच होते ते. परंतु त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर सीमेवर येऊन उभी आहे असे सांगितले होते, आणि ती सीमा आमच्या घराच्या चांगल्या ओळखीची आहे. माझे वडील याच वयात ती ओलांडून पलीकडे गेले. पुढे त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. सारा तालुका सायकलीवर पालथा घातलेला तो माणूस शेवटची सहा वर्षे ओट्यावरून रस्ता पाहत बसला.

म्हणून जळगावला दर हिवाळ्यात भरणाऱ्या ‘खान्देश रन’मध्ये एकवीस किलोमीटर धावायचे, असे मी ठरवले. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, “आधी बसस्टँडपर्यंत जाऊन बघायचं का?”

अंतराविषयी थोडे सांगायला हवे. पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरांची. हा चमत्कारिक आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघावी आणि क्रीडांगणात राजघराण्याच्या सज्जासमोर संपावी, अशी आखणी झाली आणि मोजणीत जे अंतर भरले तेच पुढे १९२१ मध्ये कायम झाले. इंग्लंडच्या राजघराण्याच्या सोयीसाठी भडगावच्या माणसाने घाम गाळावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. त्याचे निम्मे म्हणजे २१ किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. आमच्या मापाने सांगायचे, तर भडगावहून पाचोऱ्याला जायचे आणि परतीची निम्मी वाट धावून यायचे.

पहिल्या दिवशी मी दोन मिनिटे धावलो. ही दोन मिनिटे किती लांब असतात, हे ज्याने वीस वर्षांत धावून पाहिलेले नाही त्यालाच विचारावे. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती आणि पोट माझ्या तालाशी काही संबंध नसल्यासारखे स्वतंत्रपणे हलत होते. रस्त्याच्या कडेला दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल थांबली. तिच्यावरच्या भल्या माणसाने काळजीने विचारले, “काय व्हयनं भाऊ, यष्टी चुकनी का?” मी मानेनेच नाही म्हटले. त्याने पाठीमागची जागा हाताने झटकली आणि मला बसवून घ्यायची तयारी दाखवली. ती नाकारणे हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा व्यायाम होता.

आठ-दहा दिवसांत मला नावही मिळाले. पाचोऱ्याहून जामनेरला एक छोटी गाडी जात असे. लोक तिला ‘पीजे’ म्हणत. तिचे रूळ अरुंद, चाल शांत, आणि धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते अशी तिची ख्याती. शंभर वर्षे ती अशीच डुलत चालली आणि २०२० मध्ये बंद पडली. गावातल्या पोरांनी ती माझ्या रूपाने पुन्हा सुरू केली. मी दिसलो की कोणीतरी शिट्टी फुंकायचे आणि बाकीचे म्हणायचे, “पीजे आली, पीजे आली!”

ते नाव मला पुढे आवडू लागले, कारण धावण्याचे जे शास्त्र मी हळूहळू शिकत गेलो ते त्या गाडीचेच शास्त्र निघाले. अमेरिकेत जेफ गॅलोवे नावाचे धावपटू होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते दहा हजार मीटर धावले. त्यांनी नवशिक्यांना सांगितले, की थोडे धावा, थोडे चाला, पुन्हा धावा. आणि दमल्यावर चालण्यापेक्षा दमण्याआधीच चाला. ही पद्धत जगभर पसरली. मी एक मिनिट धावून दोन मिनिटे चालू लागलो. मग दोनास दोन, मग चारास एक. धावताना शेजारच्याशी सबंध वाक्य बोलता आले पाहिजे, ही दुसरी कसोटी. वाक्य मध्येच तुटले तर वेग जास्त झाला असे समजावे.

यामागचे कारण साधे आहे. धावताना दर पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार येतो. माझ्या बाबतीत तो दोन क्विंटलांवर जाई, आणि एका किलोमीटरला अशी हजार-बाराशे पावले पडतात. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. म्हणजे दम आधी येतो आणि पाय मागाहून तयार होतात. या मधल्या काळात दमाचे ऐकून पाय पुढे दामटले, की गुडघे दुखायला लागतात. जड माणसाने धीर धरायचा तो याच काळात.

आणि शास्त्रात नसलेल्या गोष्टी असतातच. आषाढात आमची काळी माती बुटांना अशी धरते, की शंभर पावलांत एकेका पायाला किलोभर वजन वाढते. मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात. त्यावर जाड थराने खोबरेल हाच उपाय. आईला वाटले, मी डोक्याला तेल लावू लागलो. तिने दुसरी बाटली आणून ठेवली आणि केस पुन्हा येतील म्हणून आशीर्वादही दिला.

या रस्त्यावर मी एकटा नव्हतो, हे मला दुसऱ्या आठवड्यात नीट दिसले. अंधारात माझ्या बाजूने वाऱ्यासारखे काहीतरी जाई, आणि मागाहून बुटांचा आवाज ऐकू येई. ती भरतीची पोरे. खान्देशातल्या कोणत्याही गावाबाहेर पहाटे जा, ती भेटतील. कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणाला पोलिसात. अंगात विटका टी-शर्ट, मुठीत मोबाईल, आणि त्यावर सेकंद पळत असतात. पोलीस शिपायाच्या भरतीत मैदानी परीक्षा पन्नास गुणांची. त्यांतले वीस मुलांना सोळाशे मीटरांचे. पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत आला तर पुरे वीस, आणि त्यापुढे घड्याळ जसे सरकेल तसे गुण खाली उतरतात. कोरडवाहू चार एकर, घरात दोन भाऊ आणि बहिणीचे लग्न, हा सगळा हिशेब त्या तीनशे दहा सेकंदांत बसवायचा.

त्यांच्यातला एकजण एकदा आपले फेरे संपवून माझ्याबरोबर चालू लागला. माझी चालण्याची पाळी होती.

“काका, तुमचा टायमिंग काय धरलाय?”

“टायमिंग नाही रे. नुसतं पोचायचं.”

“म्हणजे कितीही वेळ लागला तरी चालतं?”

“तीन-साडेतीन तासांत आलं म्हणजे झालं.”

तो काही वेळ गप्प चालला. मग म्हणाला, “मग मजा आहे तुमची.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण ते वाक्य मला बरेच दिवस पुरले. तो दोन वेळा मैदानात उतरला होता आणि दोन्ही वेळा थोड्या गुणांनी राहिला होता. वयोमर्यादेची थोडकीच वर्षे हाताशी होती. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी आम्ही दोघे घाम गाळत होतो. तो भाकरी मिळावी म्हणून धावत होता आणि मी जास्तीची भाकरी उतरावी म्हणून. मी सावकाश धावत होतो ते शास्त्र म्हणून खरेच; पण सावकाश धावायला मागे काही भरभक्कम असावे लागते. महिन्याचा पगार, भरलेली कणगी आणि हरलो तरी काही बिघडत नाही अशी स्थिती, एवढे गाठीशी असल्यावर माणूस तीन तासांत पोचला तरी चालते.

श्रावण संपता संपता मी दहा किलोमीटर पुरे केले आणि आश्विनाच्या सुरुवातीला सोळा. त्या दिवशी गिरणा धरणातून पाणी सोडलेले होते. पुलावरून जाताना खालून पाण्याचा आवाज येत होता आणि पाचोऱ्याच्या दिशेला नुसते तांबडे फुटत होते. केळीच्या बागांतून गार हवा येई, ती पिऊन घ्यावी असे वाटे. बाराव्या किलोमीटरनंतर पाय माझे राहिले नाहीत. तेव्हा तोच पोरगा परतीच्या वाटेवर भेटला आणि काही न बोलता माझ्या चालीने धावू लागला. त्याला ती चाल किती जड गेली असेल! घोड्याने म्हशीबरोबर जावे तसे ते होते. त्याने मला बोलते ठेवले; वाक्य तुटले की म्हणे, “काका, हळू.” दोन तास दहा मिनिटांत सोळा किलोमीटर झाले.

घरी येऊन मी हिशेब मांडला. याच चालीने गेलो तर एकवीसला सुमारे दोन तास एक्कावन्न मिनिटे लागतील. तो आकडा पाहून मला बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आठवले. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला संघ गेला, त्यात ते होते. सर दोराबजी टाटा तेव्हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी शेतकरी गडी अनवाणी धावताना पाहिले. त्यांना कोणी शिकवलेले नव्हते, धावण्याचे नियम ठाऊक नव्हते. आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळपास होत्या. टाटांनी खटपट केली, पदरचा पैसा घातला आणि मंडळी बोटीने रवाना झाली. अँटवर्पला त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर नेहमीहून थोडे जास्तच, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले एकोणिसावे आले. त्यांना लागलेला वेळ दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद. म्हणजे जेवढ्या वेळात ते सबंध मॅरेथॉन धावले, तेवढ्यात मी निम्मी धावणार. मला त्याचे वाईट वाटले नाही. मला वाटत राहिले ते असे, की अनवाणी धावणाऱ्या त्या गड्यांकडे नेमक्या वेळी कोणीतरी पाहिले म्हणून आज त्यांच्यातल्या एकाचे नाव आपल्याला घेता येते. आमच्या रस्त्यावरच्या पोरांकडे पहाटे पाच वाजता पाहणारा मी एकटाच असतो, आणि मी काही दोराबजी टाटा नाही.

पण पाहायला तरी लागलो, हे या चार महिन्यांनी केले. दसरा जवळ आला तशा कापूस वेचायला जाणाऱ्या बाया उजाडता उजाडता रस्त्याने दिसू लागल्या. छोट्या टेम्पोत पंधरा-वीसजणी दाटीने उभ्या. त्यांच्यातली एक परवा मोठ्याने म्हणाली, “भाऊ, इतला दम शे ते चाला ना आमना संगे कापूस येचाले!” सगळ्या हसल्या, मीही हसलो. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी खर्च होते, असा ठोकताळा आहे. माझ्यासारख्याला बेसनाचा एक लाडू उतरवायला दोन किलोमीटर पडतात. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला असला हिशेब मांडावा लागत नाही. तिचा लाडू उतरलेलाच असतो. प्रश्न तो चढण्याचा असतो.

आता माझे वजन अठ्ठ्याऐंशी किलो आहे आणि साखर सीमेपासून चार पावले मागे सरली आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघर चकल्यांचे डबे उघडलेले असतील. आमच्या घरी फराळावर बंदी नाही. आईच्या राज्यात तसा कायदा होणे शक्य नाही. फक्त नरकचतुर्दशीला उटणे लावायला मला कोणी उठवावे लागणार नाही, एवढा यंदा फरक.

शर्यत अजून व्हायची आहे. भरतीही व्हायची आहे. पाडव्याच्या पहाटे मी अठरा किलोमीटर जाणार आहे, आणि पोरांनी मला पुलापर्यंत पोचवायला येतो म्हणून सांगितले आहे. तिथून ती आपल्या सोळाशे मीटरांकडे वळतील. मी वळणार नाही, पुढेच जाईन. पण त्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाचा मोबाईल माझ्या हातात असेल. तो धावेल आणि पुलाच्या कठड्याशी उभा राहून मी सेकंद मोजीन. तीनशे दहाच्या आत यावे म्हणून त्या वेळी माझ्या छातीत जी धडधड होईल, ती कोणत्याच व्यायामाने कमी व्हायची नाही.